कॉन्फेडरेट पुतळा हटवायचाय? आधी कागद, मग मोर्चा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखंच) जुन्या कोर्टहाउससमोर उंच चौथऱ्यावर बंदूक टेकवून एक शिपाई उभा आहे. मुलीच्या शाळेच्या वाटेवर तो रोज दिसायचा आणि कित्येक वर्षं मी त्याला 'कोणीतरी सैनिक' समजत होते. तो तिथून हलावा म्हणून चाललेल्या स्थानिक मोहिमेत मी २०१७ पासून आहे. कधी कागद शोधायला, कधी सह्या गोळा करायला, बहुतेक वेळा नुसत्या खुर्च्या लावायला. मंडळाच्या कार्यक्रमात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आणि भारतातल्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे लिहून काढलेत. मी वकील नाही. कायद्याबद्दल इथे जे आहे ते दिशा कळण्यापुरतं.

कॉन्फेडरेट म्हणजे नेमके कोण?

१८६०-६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेली दक्षिणेकडची ११ राज्यं. त्यांनी जेफरसन डेव्हिसला अध्यक्ष केलं, राजधानी आधी मॉन्टगोमरीला आणि मग रिचमंडला थाटली आणि चार वर्षं युद्ध केलं. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल रॉबर्ट ई. ली याने ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली आणि खेळ जवळपास संपला.

'ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं' हे वाक्य तुम्हाला शेजाऱ्याकडून, दुकानात, कधीकधी शाळेच्या शिक्षकाकडूनही ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालत बसू नका, त्यांचेच कागद दाखवा. मिसिसिपीने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे असं सरळ लिहिलंय. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हानाच्या भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच 'सत्या'वर आपल्या नव्या सरकारची कोनशिला बसवली आहे. इतकं स्वच्छ बोलून ठेवलेलं असताना पुढच्या पिढ्यांनी ते झाकायला केवढे कष्ट घेतले, याचं मला अजून नवल वाटतं.

पुतळे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठीच उभारले ना?

काही, हो. युद्धानंतर लगेच जी स्मारकं झाली ती बरीचशी स्मशानभूमीत होती आणि त्यांच्याविरुद्ध सहसा कोणी मोहीम करत नाही. कोर्टहाउससमोरचे शिपाई मात्र बहुतेक १९०० ते १९२५ च्या दरम्यान आले, म्हणजे युद्ध संपून ४०-५० वर्षं झाल्यावर. याच काळात दक्षिणेत काळ्यांचा मतदानाचा हक्क कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतला गेला आणि काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे, शाळा, पाण्याचे नळ वेगळे झाले. १८९४ मध्ये नॅशव्हिलला स्थापन झालेली 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही बायकांची संघटना निधी गोळा करायची, पुतळा करवून घ्यायची आणि काउंटीला द्यायची. शाळांत कोणतं इतिहासाचं पुस्तक चालेल यावरही त्यांचा डोळा असायचा.

उद्घाटनाची भाषणं शोधा, असं मी प्रत्येकाला सांगते. चॅपल हिलच्या विद्यापीठात 'सायलेंट सॅम' नावाचा पुतळा १९१३ मध्ये बसवला, तेव्हा उद्योगपती ज्युलियन कार याने भाषणात फुशारकी मारली होती: इथून जेमतेम शंभर यार्डांवर मी एका काळ्या बाईला घोड्याच्या चाबकाने फोडून काढलं होतं. हे भाषण विद्यापीठाच्याच अभिलेखागारात पडून होतं. एका संशोधक विद्यार्थ्याने ते वाचलं आणि 'मूक शिपायाची निरागस आठवण' ही भाषाच बदलून गेली. शेजारच्या कार्बोरो गावाचं नाव मात्र अजूनही याच कारवरून आहे.

आपण बाहेरून आलेले. आपला काय संबंध?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुधा आपल्याच लोकांकडून.

कोर्टहाउस आपल्याही कराच्या पैशातून चालतं. लग्नाची नोंद, घराचं खरेदीखत, ज्युरीचं बोलावणं यासाठी आपणही त्याच दारातून आत जातो. शिवाय आपण इथे आलो तो रस्ताही आपोआप झाला नाही. १९६५ चा स्थलांतर कायदा काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला. त्याआधी भारतातून वर्षाला शंभरच माणसांना कोटा होता.

आणि मराठी माणसाने 'आपला काय संबंध' म्हणावं हे तर फारच विनोदी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला जो संबंध दिसला, तो नॉर्थ कॅरोलायनात घर घेतलेल्याला दिसू नये? बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले काळे यांच्या स्थितीतल्या साम्याविषयी लिहिलं होतं. याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईतल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला, ही गोष्टही कोणाला सांगून पाहा. लोक एकदम कान टवकारतात.

मग नेतृत्व आपण करायचं का?

नाही. तुमच्या काउंटीत एनएएसीपीची, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेची, शाखा असेल, काळ्यांची जुनी चर्च असतील. त्यांनी हा प्रश्न तुमच्या जन्माआधी मांडलेला असण्याची दाट शक्यता आहे. आमच्याकडे एका आजींनी १९७० च्या दशकातल्या सभेची आठवण सांगितली, तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो. आम्हाला वाटत होतं की सुरुवात आम्ही केली.

जाऊन विचारा, 'तुम्हाला काय हवंय, आम्ही काय करू?' बऱ्याच वेळा उत्तर अगदी साधं असतं: सभेला या, माणसं आणा, टायपिंग करा, गाडीतून ने-आण करा.

सुरुवात कुठून करायची?

सातबारा काढा. म्हणजे तीच कल्पना. आपल्याकडे जमिनीचं भांडण सातबाऱ्याशिवाय सुरू होत नाही, तसंच इथे तीन गोष्टी कागदावर मिळाल्याशिवाय एकही फलक रंगवू नका: जमीन कोणाची, पुतळा कोणाचा, आणि हलवण्याचा अधिकार कोणाचा. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

जमिनीचे दस्त रजिस्टर ऑफ डीड्सच्या कार्यालयात मिळतात. पुतळ्याचा शोध काउंटी बोर्डाच्या जुन्या इतिवृत्तांत लागतो, १९०५, १९०७, १९११ अशा वर्षांच्या वह्यांत. 'महिलांना पुतळा उभारण्यास परवानगी देण्यात येत आहे' असं एक वाक्य आणि 'महिलांनी दिलेला पुतळा काउंटीने स्वीकारला' हे दुसरं वाक्य, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मालकी संघटनेचीच राहते, दुसऱ्यात ती सरकारची होते. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर फुकट वाचता येतात आणि नॉर्थ कॅरोलायनाची 'डिजिटल एनसी'वर. हातात चहा घेऊन बसा, वेळ जातो.

हा फरक प्रत्यक्षात किती मोलाचा ठरतो याची तीन उदाहरणं देते.

चॅटम काउंटी, पिट्सबरो. आमच्या घरापासून गाडीने फार दूर नाही. तिथला शिपाई १९०७ चा. पुतळ्याची मालकी डॉटर्सकडेच आहे आणि काउंटीने दिली ती फक्त जागा वापरायची परवानगी, अशी भूमिका काउंटीने घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बोर्डाने ४ विरुद्ध १ मतांनी परवानगी संपवली, कोर्टाने स्थगिती दिली नाही, आणि २० नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत पुतळा उतरलेला होता. राज्याचा कायदा आडवा असूनही.

मेम्फिसची गोष्ट तर एखाद्या मुरलेल्या तहसील कारकुनाला सुचावी अशी आहे. टेनेसीच्या कायद्यानुसार सार्वजनिक जागेतलं स्मारक हलवायला राज्याच्या ऐतिहासिक आयोगाची परवानगी लागते आणि आयोगाने ती नाकारली होती. शहराने २० डिसेंबर २०१७ रोजी दोन बागा 'मेम्फिस ग्रीनस्पेस' या ना-नफा संस्थेला प्रत्येकी १,००० डॉलरला विकून टाकल्या. बाग खासगी झाली, कायदा लागू राहिला नाही, आणि त्याच रात्री कॉन्फेडरेट जनरल नेथन बेडफर्ड फॉरेस्ट आणि जेफरसन डेव्हिस यांचे पुतळे क्रेनला लटकले. विधिमंडळाने रागाने शहराचे अडीच लाख डॉलर कापले आणि ही पळवाट पुढे बुजवली. कोर्टात मात्र विक्री टिकली.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. अलाबामातलं टस्कीगी हे प्रामुख्याने काळ्यांचं गाव. तिथल्या मधल्या चौकात कॉन्फेडरेट शिपाई, कारण १९०६ मध्ये काउंटीने तो चौकच डॉटर्सना देऊन टाकला होता. बहुमत आहे, इच्छा आहे, पण जागा आपली नाही. २०२१ मध्ये एका नगरसेवकाने वैतागून पुतळ्याच्या पायाला करवत लावली.

माझ्या राज्यात कायदा काय म्हणतो?

राज्यागणिक वेगळा. तुमची काउंटी 'हो' म्हणाली तरी राज्य 'नाही' म्हणू शकतं. बहुतेक मोहिमा अडतात त्या इथेच.

नॉर्थ कॅरोलायनात २०१५ चा कायदा सार्वजनिक मालकीची 'स्मरणवस्तू' कायमची काढू देत नाही. हलवायचं तर तितक्याच मानाच्या जागी. त्यात मोजक्या फटी आहेत: वस्तू खासगी मालकीची असून करारावर उभी असेल तर, किंवा इमारत निरीक्षकाने ती पडायला आली आहे, लोकांच्या जिवाला धोका आहे असं ठरवलं तर. ॲशव्हिलने कॉन्फेडरेट काळातला गव्हर्नर झेब्युलॉन व्हान्स याचा स्तंभ हटवण्याचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये जिंकला, तोही अभ्यासण्यासारखा आहे.

अलाबामात २०१७ च्या कायद्यात २५,००० डॉलर दंड आहे. बर्मिंगहॅमने आधी लिन पार्कमधल्या स्तंभाभोवती प्लायवूडची भिंत घातली, त्यावर खटला झाला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शहर हरलं. मग १ जून २०२० ला महापौर रँडल वुडफिन यांनी स्तंभ उतरवायला घेतला आणि दंड भरायची तयारी ठेवली. दंड एकदाच होता, रोजचा नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसावं.

व्हर्जिनियात १ जुलै २०२० पासून स्थानिक संस्थांना अधिकार मिळाला. वर्तमानपत्रात सूचना, किमान ३० दिवसांनी जाहीर सुनावणी, मतदान, आणि मग ३० दिवस पुतळा संग्रहालय, ऐतिहासिक संस्था किंवा युद्धभूमीला देऊ करायचा. लाउडन काउंटीतल्या लीझबर्ग कोर्टहाउससमोरचा १९०८ चा शिपाई त्याच महिन्यात उतरला. तिकडे मराठी घरं भरपूर आहेत, त्यांना विचारा.

जॉर्जिया, टेनेसी, साउथ कॅरोलायना इथले कायदेही कडक आहेत. साउथ कॅरोलायनाच्या कायद्यातली दोन-तृतीयांश बहुमताची अट २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केली, बाकीचा कायदा ठेवला.

किती वेळ लागतो?

व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलचं पंचांग बघा. मार्च २०१६ मध्ये झायाना ब्रायंट या शाळकरी मुलीने लीचा पुतळा हटवण्याचा अर्ज सुरू केला, तेव्हा ती १५ वर्षांची होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरपरिषदेत ३ विरुद्ध २ मतांनी ठराव झाला. लगेच खटला, लगेच स्थगिती. ऑगस्ट २०१७ मध्ये मशाली घेऊन आलेला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा जमाव, आणि दुसऱ्या दिवशी विरोधी निदर्शकांवर घातलेल्या गाडीखाली हेदर हायर यांचा मृत्यू. २०२० मध्ये कायदा बदलला, एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, १० जुलै २०२१ रोजी पुतळा उतरला. अर्ज करणारी मुलगी तोवर कॉलेजात होती.

दुसरीकडे मिसिसिपी. २००१ च्या सार्वमतात जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी कॉन्फेडरेट चिन्हाचा राज्यध्वज ठेवायला मत दिलं. २०२० च्या जून महिन्यात विधिमंडळाने तो काही दिवसांत उतरवला, आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाच्या नव्या ध्वजाला ७० टक्क्यांहून अधिक मतं पडली. १९ वर्षं आणि एक महिना, असा हिशेब.

सभेत बोलायला मिळतात तीन मिनिटं. त्यात काय बोलायचं?

लिहून न्या आणि घरी घड्याळ लावून वाचा. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्दही जड जातात. पहिल्या वाक्यात नाव आणि तुम्ही काउंटीत किती वर्षं राहता ते सांगा. मग एकच मुद्दा. दहा जण दहा मुद्दे घेऊन उभे राहिले तर वहीत दहा मुद्दे नोंदले जातात. दहा जण 'हे चुकीचं आहे' म्हणाले तर एकच नोंदला जातो. आम्ही आधी वाटून घेतो: कोणी दस्तावर बोलेल, कोणी उद्घाटनाच्या भाषणावर, कोणी साफसफाईच्या खर्चावर, कोणी ज्युरी म्हणून त्या पुतळ्याखालून आत जाताना काय वाटलं त्यावर.

पहिल्या वेळी मी भावनेच्या भरात गुलामगिरीचा सगळा इतिहास सांगायला घेतला. घंटा वाजली तेव्हा मी १८३१ सालात होते.

पाच जणांच्या बोर्डात तीन मतं लागतात. दोन आधीच तुमची असतील, दोन कधीच मिळणार नाहीत. सगळी मोहीम त्या एका मधल्या माणसासाठी असते. त्याला एकटं भेटा, त्याची अडचण ऐका. आमच्याकडच्या मधल्या माणसाची अडचण इतिहास नव्हतीच, त्याला खटल्याच्या खर्चाची भीती होती.

मी एच-१बीवर आहे. मी भाग घेऊ शकतो का?

सभेत बोलणं, पत्र लिहिणं, अर्जावर सही करणं, शांततेच्या मोर्चात चालणं हे हक्क फक्त नागरिकांपुरते नाहीत. पण तीन ठिकाणी सांभाळा.

पहिलं, 'नोंदणीकृत मतदारांचा अर्ज' असं वर लिहिलेल्या कागदावर सही करू नका, आणि मतदान तर चुकूनही नाही. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. दुसरं, ग्रीन कार्ड नसेल तर कोणत्याही उमेदवाराला देणगी देऊ नका, अगदी काउंटीच्या निवडणुकीतही. तिसरं, अटक. आरोप नंतर मागे घेतले तरी नागरिकत्वाच्या अर्जात 'तुम्हाला कधी अटक झाली होती का' हा प्रश्न असतोच, आणि व्हिसावर असताना त्याचे परिणाम आणखी वाईट होऊ शकतात. म्हणून पोलिसांनी 'पांगा' म्हटलं की व्हिसावाल्यांनी सगळ्यात आधी निघायचं, हे आम्ही ठरवूनच टाकलंय. त्यात भित्रेपणा नाही. सध्याचे दिवस पाहता इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या.

मराठी मंडळाने पाठिंब्याचं पत्र द्यावं का?

मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद आहे. एखाद्या प्रश्नावर भूमिका मात्र घेता येते, फक्त तो मंडळाच्या कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. म्हणजे कायद्याने जमतं. कार्यकारिणीत जमेल का, हा वेगळा विषय. आमच्याकडे दीड तास चर्चा झाली आणि शेवटी 'आपण सांस्कृतिक संस्था आहोत' या वाक्यावर येऊन थांबली. मग आम्ही ३१ जणांनी स्वतःच्या नावाने पत्र दिलं. तेच बरं झालं. बोर्डातल्या कमिशनरला संस्थेचं नाव माहीत नव्हतं, पण त्यातल्या एका दंतवैद्याचं माहीत होतं.

नुसता माहितीफलक लावला तर चालणार नाही का?

हा तडजोडीचा प्रस्ताव हमखास येतो आणि त्याला लगेच नाही म्हणू नका. जॉर्जियातल्या डीकॅल्ब काउंटीत, डिकेटरच्या चौकात १९०८ चा स्तंभ होता. राज्याच्या कायद्यामुळे हटवता येईना, म्हणून 'बीकन हिल ब्लॅक अलायन्स' आणि 'हेट फ्री डिकेटर' या स्थानिक गटांच्या रेट्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये शेजारी फलक लागला: हे स्मारक वर्णवर्चस्वाच्या काळातलं आहे, असं सरकारी भाषेत. नऊ महिन्यांनी शहराने कोर्टात हा स्तंभ सार्वजनिक उपद्रव असल्याचं म्हटलं, न्यायाधीशाने तो हलवायचा आदेश दिला, आणि १८ जून २०२० च्या रात्री तो गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच जागी नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचा पुतळा उभा राहिला.

फलकाचा मजकूर कोण लिहिणार, एवढंच आधी विचारा. सगळं भांडण त्यातच असतं.

रात्री जाऊन पाडून टाकला तर?

डरममध्ये १४ ऑगस्ट २०१७ रोजी निदर्शकांनी पट्टा टाकून शिपाई खाली ओढला आणि तो कागदाच्या पुडीसारखा चुरगळला. पुढे बहुतेकांवरचे आरोप एकतर फेटाळले गेले किंवा मागे घेतले गेले. सायलेंट सॅमही २० ऑगस्ट २०१८ ला लोकांनीच पाडला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. विद्यापीठाने पन्नास वर्षं अर्ज फायलीत ठेवले, तर माणसं कधीतरी दोर आणणारच.

पण मोहीम चालवणारी म्हणून मी कधीच हे सुचवणार नाही. हजारो पौंडांचा दगड आणि धातू कोसळताना माणसं जखमी होतात. २०२० मध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला एक निदर्शक डोक्याला मार लागून मरता मरता वाचला. आणि फौजदारी खटल्यात बहुधा कोण अडकतं, तेही आपल्याला माहीत आहे.

धोका किती असतो?

असतो. न्यू ऑर्लिन्सने डिसेंबर २०१५ मध्ये चार स्मारकं हटवायचा ठराव केला, त्यानंतर धमक्यांमुळे कंत्राटदाराने काम सोडलं आणि पुढे त्याची गाडीही जळालेली सापडली. एप्रिल २०१७ मध्ये पहिलं स्मारक उतरवताना कामगार तोंडं झाकून, बुलेटप्रूफ जॅकेट घालून रात्री आले होते, ट्रकवरची कंपनीची नावं झाकलेली होती. रिचमंडमध्ये बऱ्याच कंत्राटदारांनी नकार दिल्यावर डेव्हन हेन्री या काळ्या व्यावसायिकाच्या कंपनीने काम घेतलं.

सामान्य स्वयंसेवकाला येतात ते बहुधा फोन, ईमेल आणि घरासमोर हळूहळू जाणारा पिकअप ट्रक. घरचा पत्ता अर्जावर छापू नका, बैठकीला एकट्याने जाऊ-येऊ नका, धमकीचा संदेश पुसू नका. मुलांचे फोटो कुठेच टाकू नका.

खर्च कोण करतं?

तुमच्या काउंटीत पहिली हरकत हीच येणार. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या महापौर डॉना डीगन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुतळा हटवला तो १,८७,००० डॉलरच्या खासगी निधीतून. नगरपरिषदेकडे पैसे मागावेच लागले नाहीत, म्हणून तिची परवानगीही लागली नाही, अशी त्यांची बाजू होती. त्यामुळे निधी आधीच उभा करून ठेवलेला बरा. आणि पुतळा ठेवण्याचा खर्चही विचारा: दुरुस्ती, विमा, निदर्शनांच्या दिवशीचा पोलीस बंदोबस्त. माहितीच्या अर्जाने हे आकडे मिळतात.

इतिहास पुसला जात नाही का?

मुंबईत जा. काळा घोडा चौकातून राजा सातवा एडवर्ड आणि त्याचा घोडा १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. चौकाला लोक अजून काळा घोडाच म्हणतात. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, यावेळी स्वाराशिवाय. इंग्रज इथे होते हे मुंबई विसरली असं मला तरी दिसलेलं नाही.

उतरवलेल्या पुतळ्याचं पुढे काय?

हे ठरावातच लिहा, नाहीतर पस्तावाल. डॅलसने ली याचा पुतळा २०१७ मध्ये काढला आणि २०१९ मध्ये लिलावात विकला. १४,३५,००० डॉलर मिळाले आणि पुतळा टेक्सासमधल्याच लहीतसच्या गोल्फ रिसॉर्टमध्ये दिमाखात उभा राहिला. लेक्सिंग्टन, केंटकीने आपले दोन पुतळे स्मशानभूमीत हलवले, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. शार्लट्सव्हिलने ली तिथल्या आफ्रिकन अमेरिकन वारसा केंद्राला दिला. त्यांनी २०२३ मध्ये तो वितळवला. त्या ब्राँझमधून नवी कलाकृती व्हायची आहे. आणि राज्याच्या विद्यापीठांच्या नियामक मंडळाने सायलेंट सॅम आणि वर २५ लाख डॉलर कॉन्फेडरेट वंशजांच्या संघटनेला द्यायचा करार केला होता! न्यायाधीशाने तो २०२० मध्ये रद्द केला.

शेजाऱ्याच्या घरावर कॉन्फेडरेट झेंडा आहे. तो काढायला लावता येईल?

नाही. त्याचं घर, त्याचं मत. मोहीम फक्त सरकारी जागेपुरती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बागेतल्या स्मारकांबद्दल आणि २०१५ मध्ये टेक्सासच्या गाडीच्या नंबरप्लेटबद्दल सांगितलंय की ते सरकारचं स्वतःचं बोलणं आहे. म्हणूनच सरकारने काय बोलावं यावर आपण बोलू शकतो.

एकदा हटलं की संपलं ना?

व्हर्जिनियातल्या शेनँडोआ काउंटीच्या शाळा मंडळाने २०२० मध्ये स्टोनवॉल जॅक्सन आणि ॲशबी-ली ही कॉन्फेडरेट सेनानींवरून ठेवलेली शाळांची नावं बदलली. निवडणुका झाल्या, मंडळ बदललं, आणि मे २०२४ मध्ये ५ विरुद्ध १ मतांनी जुनी नावं परत आली. कॉन्फेडरेट जनरलच्या नावाच्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाचं नाव २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झालं, २०२५ मध्ये पुन्हा ब्रॅग. दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच आडनावाच्या एका सैनिकाच्या नावाने, अशी युक्ती.

म्हणून शाळा मंडळाच्या निवडणुकीला जा. तिथे मोजकी मतं निकाल फिरवतात आणि आपले नागरिकत्व घेतलेले लोक त्या दिवशी क्रिकेट बघत असतात.

तुमचा पुतळा हटला का?

नाही. अजून तिथेच आहे. मतदान एकदा झालं आणि आम्ही ३ विरुद्ध २ ने हरलो. काउंटीच्या वकिलांच्या मते पुतळा काउंटीचा आहे, म्हणजे राज्याचा कायदा लागू. आमच्या मते तो कधी स्वीकारलाच गेला नव्हता, आणि ते सिद्ध करणारं १९११ च्या वहीतलं एक पान फाटलेलं आहे. ते वर्तमानपत्रात छापलं होतं का, हे आम्ही शोधतोय. मायक्रोफिल्मच्या चार रिळा राहिल्यात. मधल्या काळात जुन्या कोर्टहाउसच्या आत, भिंतीवर, काउंटीत जमावाने मारलेल्या माणसांच्या नावांची पाटी लावायला बोर्डाने परवानगी दिली. ती मागणी त्या आजींची होती.

सभा महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी असते. बोलायचं असेल तर सुरू होण्याआधी दारातल्या वहीत नाव लिहा. गाडी मागच्या बाजूला लावा, पुढे जागा मिळत नाही.